सेहेचाळीस किलो

मित्रांनो, माझ्यावर उभा राहणारा माणूस आधी चपला काढतो आणि मग उगाच श्वास रोखून धरतो. श्वासाला वजन नसतं, हे मी त्याला कसं सांगणार? मी एक जुना वजनकाटा आहे. दांडीवर वजन सरकवून बघायचं, अशा पद्धतीचा. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला सात वेळा तपासलं आणि सातही वेळा मी खरं बोललो. त्याचा मला फार गर्व होता.

मग मी कर्करोगाच्या रुग्णालयात आलो. माझी जागा दोन दारांच्या मधल्या भिंतीला होती. डावीकडच्या खोलीत काय खायचं, किती खायचं हे सांगणाऱ्या आहारताई बसायच्या. उजवीकडच्या खोलीत पेशंटच्या मनातलं ऐकून घेणारे समुपदेशक होते. सगळे त्यांना ऐकणारे काका म्हणायचे. दोघंही कामाला वाघ. पण ताईंची फाइल ताईंच्या कपाटात आणि काकांची काकांच्या. मधल्या भिंतीला खिडकी नव्हती.

एक बाई दर आठवड्याला यायची. नवरा नळदुरुस्ती करणारा. तिच्यासाठी तो स्वयंपाक शिकला होता. कागदावर लिहून घ्यायचा, घड्याळ लावून वाढायचा आणि ती घास घेईपर्यंत समोर बसून राहायचा. तिचं वजन उतरत उतरत सेहेचाळीस किलोवर आलं होतं. ते आणखी उतरू द्यायचं नाही, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

आणि ते उतरलं नाही. पाच आठवडे सेहेचाळीस. ताई खूश होऊन लिहायच्या, "वजन स्थिर." नवरा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, काटा गुणाचा आहे हो. मीही फुशारून जायचो.

पलीकडच्या खोलीत मात्र ती रडायची. ताट समोर आलं की घास गिळवत नाही, पण यांना सांगायचं धाडस होत नाही, असं ती काकांना सांगायची. काका सगळं नीट लिहून घ्यायचे आणि फाइल कपाटात ठेवायचे.

सहाव्या आठवड्यात नवी नर्स आली. तिने बाईला स्वेटर काढून उभं राहायला सांगितलं. बाई नको नको म्हणत होती. नर्सने मदतीला म्हणून हात घातला आणि आतल्या खिशातून नळाला बसवायचे पितळेचे जाड कॉक खणखणत फरशीवर पडले. एकूण सहा. माझी दांडी खाली गेली. त्रेचाळीस.

नवरा खाली बसला. एक कॉक उचलून त्याने अंगठ्याने पुसला.

"हे माझ्या पिशवीतले आहेत," तो म्हणाला. "मी घरभर शोधत होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "आधी आकडा उतरला की तुम्ही जेवत नव्हता हो. मला ते बघवत नव्हतं."

आवाज ऐकून दोन्ही दारं उघडली होती. काका ताईंच्या दाराशी आले. मग म्हणाले, "ताई, हे मला माहीत होतं. कॉकचं नाही, पण ती जेवत नाही हे माहीत होतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्या दिवसापासून दोघं एका टेबलाशी बसू लागले. ताईंनी ताट बंद करून वाटी दिली, काकांनी नवऱ्याला तिच्याकडे न बघता आपलं आपण जेवायला शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात तिचं वजन चारशे ग्रॅमनी वाढलं. खरे चारशे ग्रॅम, मित्रांनो. ती हसली होती. पण आजार तोवर फार पुढे गेला होता आणि पुढचे उपचार झेपतील एवढी ताकद तिच्या अंगात उरली नव्हती. त्यानंतर ती आली नाही.

पाच आठवडे मी ते पितळ मोजलं आणि स्वतःला खरा म्हणवून घेतलं. ते मला अजून खातं.

आता बटणाचा नवा काटा आलाय. मी जिन्याखाली असतो, लोक माझ्यावर छत्र्या अडकवतात. मागे एकदा तिचा नवरा तिच्या पौष्टिक पावडरचे न उघडलेले डबे दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतील म्हणून परत द्यायला आला. मला बघून थांबला. चपला काढून उभा राहिला आणि स्वतःच वजन सरकवू लागला. डावीकडे, अजून डावीकडे. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती.

मित्रांनो, घरात कोणी आजारी असेल तर ताटात किती उरलं एवढंच बघू नका. का उरलं, ते जवळ बसून विचारा. आणि वाढणारा जेवला का, तेही विचारा. त्या दिवशी जिन्याखाली त्याला ते विचारणारं कोणी नव्हतं. मी होतो, पण मला फक्त वजन करता येतं.