पायऱ्या नसलेलं दार

एफीच्या घराच्या पुढच्या दाराला पायऱ्या नव्हत्या. दार होतं, त्याला पितळी मूठही होती; पण उघडून पाऊल टाकलं की माणूस चार फूट खाली थेट गवतात. गॅनेट कोव्ह या मासेमारीच्या गावातल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण पुढच्या दाराने येतं कोण? माणसं मागच्या दाराने येतात, न वाजवता, थेट स्वयंपाकघरात, आणि बूट काढता काढता विचारतात, "किटली ठेवलीयस का?" दार वाजवतो तो पोलीस, नाहीतर पाद्री, नाहीतर वाट चुकलेला.

पंधरा वर्षं तिकडे अल्बर्टात तेलाच्या कामावर काढून तिचा मुलगा क्लेटन हे साफ विसरला होता. सुट्टीवर आला, पहिल्याच सकाळी नुसत्या चड्डीवर चहा करायला खाली उतरला, तर स्वयंपाकघरातल्या दिवाणावर शेजारचा हेडली पेपर वाचत बसलेला.

"ये, बस," हेडलीच त्याला म्हणाला.

क्लेटनच्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. "आई, तू एक्काहत्तर वर्षांची आहेस. एकटी राहतेस. आणि घरात कुणीही शिरतं!"

"कुणीही कुठे? हेडली आहे तो."

"उद्या चोर शिरला तर?"

"त्याला आधी बूट काढायला लावीन."

क्लेटन हसला नाही. चार दिवस खपून त्याने पुढे छान पाच पायऱ्या बांधल्या, कठडा केला, घंटी बसवली. मागच्या दाराला आकड्यांचं कुलूप लावलं, दार ओढलं की आपोआप लागणारं. "आता कसं घर घरासारखं दिसतं!"

एफी त्या पायऱ्यांकडे बघत राहिली. तिच्या आठवणीत त्या दारातून एकच जण बाहेर पडला होता. तिचा नवरा वॉल्टर, सहा जणांच्या खांद्यावर. तेव्हा पायऱ्या म्हणून हेडलीने खाली मासळीच्या पेट्या रचल्या होत्या.

"लाकूड चांगलं आहे," ती म्हणाली. क्लेटनला ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी तिने नेहमीप्रमाणे पावाची कणीक मळली आणि थोडी सकाळसाठी झाकून ठेवली. शनिवारी तिचे चपटे गोळे डुकराच्या चरबीत तळायचे, वर काकवी ओतायची, की झाले टाऊटन. रोजच्यासारखी आठ वाजता मागच्या दाराची मूठ फिरली. एकदा. पुन्हा एकदा. मग पावलं दूर गेली. एफीने हात पुसून दार उघडेपर्यंत हेडली कुंपणाशी पोचला होता.

"अरे, परत कुठे चाललास?"

"दार लागलं होतं. म्हटलं, घरात काही झालं असेल."

"पुढे घंटी आहे, हेडलीकाका!" क्लेटन आतून ओरडला.

"घंटी वाजवायला मी काय पाद्री आहे?" म्हणत हेडली चालता झाला. पलीकडची मर्टल तर कुंपणापर्यंतही आली नाही. एफीने दोन टाऊटन एकटीने खाल्ले, क्लेटनने तीन. उरलेले सहा समुद्रपक्ष्यांनी नेले. तेही न वाजवता आले होते.

दुसऱ्या दिवशी मागचं दार लागू नये म्हणून तिने त्यात वॉल्टरचा रबरी बूट अडकवला. क्लेटनने तो काढून, पुसून, जागेवर ठेवला. तिने पुन्हा अडकवला, त्याने पुन्हा काढला. असे दोन दिवस गेले.

"होईल गं सवय."

"झाली तर मी मेले असं समज."

बुधवारी ती त्याच्या आधी उठली. हातोडी घेतली आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळी एकेक करून ठोकून काढल्या. दिवाण आत घेताना वॉल्टरने असंच केलं होतं. दार ओढत आत आणलं, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, वर मेणकापड पसरलं. ऑक्टोबरचा वारा थेट चुलीपर्यंत येत होता. तिने वॉल्टरचा कोट चढवला, चुलीत चार लाकडं जास्त घातली आणि तळायला घेतलं. चरबीचा वास मोकळ्या चौकटीतून निघाला तो तिसऱ्या घरापर्यंत गेला.

हेडली आला. सवयीने हात मुठीकडे गेला आणि हवेतच राहिला. बूट काढून तो टेबलाशी बसला. "दार कुठे गेलं?"

"त्याच्यावरच कोपर टेकलंयस."

मागोमाग मर्टल जॅम घेऊन आली. "आज हवा खेळती आहे हो तुमच्याकडे!"

क्लेटन खाली आला. आज पँट घालून. "आई! अगं, थंडी आत येतेय!"

"तिला म्हणावं, घंटी वाजव."

मर्टल फिसकन हसली. क्लेटन मात्र रडकुंडीला आला होता. "मी एवढ्या लांब असतो. तू इथे पडलीस तर कुणाला कळणार?"

एफीने उलथनं हेडलीकडे रोखलं. "याला. आठ वाजून पाच मिनिटांनी. शनिवारी मी पडलेली असते ना, तर हा मूठ फिरवून घरी गेला असता."

चरबी तडतडत राहिली. क्लेटनने खुर्ची ओढली, समोर आलेला टाऊटन खाल्ला, मग दुसरा. मग म्हणाला, "दार लावायला तरी देशील?"

"पोटं भरली की लाव. कुलूप सोडून."

"कुलपाचं काय करू?"

"पुढच्या दाराला लाव. तिथे कुणी येत नाही. आणि पायऱ्या मागे आण. मागची पायरी कुजलीय, तीन वर्षं सांगतेय तुला."

"मग पुढे काय राहील?"

"होतं तेच. मला तिथून एकदाच जायचंय. तेव्हा हेडली पेट्या रचेल."

"रचेन की," हेडली भरल्या तोंडाने म्हणाला. "आधी ती काकवी इकडे सरकव."