खडूचे ठिपके

भाऊजींना इंग्रजी व्याकरणातल्या फ्रेज आणि क्लॉज यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक स्वतः भाऊजी, दुसऱ्या वहिनी. सहा वर्षं वहिनींनी ती पोटात ठेवली. बाईच्या पोटात काय काय मावतं, हे कोणी कधी मोजलेलं नाही.

क्लास मुळात वहिनींच्या नवऱ्याचा. घराच्या पुढच्या खोलीत फळा, चौदा बाकं आणि करकरणारा पंखा. पडद्याआड भाजी चिरता चिरता वहिनींनी अख्खं इंग्रजी व्याकरण कानांनी शिकून घेतलं. पुढे मुलांच्या वह्याही त्याच तपासू लागल्या. नवरा गेला आणि महिन्याभरात धाकटा दीर, म्हणजे हे भाऊजी, टायरच्या दुकानातली नोकरी सोडून फळ्यासमोर उभा राहिला. आवाज खणखणीत, इस्त्री कडक, इंग्रजी बोलणं फर्डं. व्याकरणाच्या नावानं मात्र शंख.

मग एक पद्धत पडली. वर्ग भरण्याआधी वहिनींनी फळ्यावर इंग्रजी वाक्यांचे तुकडे लिहून ठेवायचे आणि प्रत्येकाच्या पहिल्या अक्षराखाली खडूचा बारीक ठिपका द्यायचा. फ्रेज असेल तर एक, क्लॉज असेल तर दोन. भाऊजी पट्टी टेकवत यायचे, ठिपके मोजायचे आणि छातीठोकपणे उत्तर सांगायचे. मुलांना ती खडूची भुकटी वाटायची. सर मात्र एका नजरेत ओळखतात, अशी सगळीकडे ख्याती.

वहिनींचं मागणं एकच होतं. सकाळची लहान मुलांची बॅच त्यांना शिकवायला द्यावी. भाऊजी दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. यंदा ती बॅच त्यांनी आपल्या मेव्हण्याला देऊन टाकली. वहिनींनी विचारलं तेव्हा मेव्हणा समोर चहा पीत बसला होता आणि जाऊबाई कपात साखर ढवळत होत्या.

"वहिनी, फळा पुसणाऱ्याला कोणी सर म्हणत नाही," भाऊजी म्हणाले.

जाऊबाई खाली मान घालून हसल्या. त्यांचा भाऊ मान वर करून हसला.

वहिनी बरं म्हणाल्या आणि कप विसळायला घेऊन गेल्या. गप्प झालेल्या बाईला घाबरावं, एवढी अक्कल त्या खोलीत तिघांपैकी एकालाही नव्हती.

रविवारी पालकांसाठी नमुना तास होता. नव्या वर्षाचे प्रवेश त्याच तासावर ठरत. वहिनींनी फळा लिहिला, अगदी मोत्यासारख्या अक्षरात. खाली एकही ठिपका दिला नाही. आणि नुसतं तेवढंच नाही. ठिपके नसले की भाऊजी कुठल्या फूटपट्टीनं मोजतील, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. लांबलचक दिसलं की क्लॉज, आखूड दिसलं की फ्रेज. म्हणून त्यांनी तुकडे निवडून निवडून घेतले.

तीस-बत्तीस पालक बाकांत दाटीवाटीनं बसले. भाऊजींनी पट्टी पहिल्या ओळीवर टेकवली आणि ती तिथंच राहिली. ते वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. मग दाराकडे बघितलं. दारात वहिनी डस्टर झटकत होत्या, अगदी मन लावून.

पहिला तुकडा होता, 'द ओल्ड मॅन विथ अ टॉर्न अम्ब्रेला ॲट द कॉर्नर ऑफ अवर स्ट्रीट'. भाऊजींनी घसा खाकरला आणि सांगितलं, क्लॉज. दुसरा होता, 'व्हेन शी लेफ्ट'. ही फ्रेज, ते म्हणाले, आणि जरा सावरले.

तिसऱ्या बाकावर एक नर्सबाई होत्या, ड्यूटी संपवून तशाच आलेल्या. त्यांनी हात वर केला.

"सर, पहिल्यात क्रियापद कुठंय? तो म्हातारा कोपऱ्यावर करतोय काय?"

"उभा आहे."

"ते तुम्ही सांगताय. फळ्यावर नाहीये."

मागचे दोन-तीन जण फिसकन हसले. बुडणारा माणूस जवळच्यालाच खाली ओढतो, तसं भाऊजींनी केलं. सगळ्यांदेखत म्हणाले, वहिनींनी फळाच चुकीचा लिहिलाय.

वहिनी आत आल्या.

"फळा बरोबर आहे, भाऊजी. आज खाली ठिपके दिले नाहीत, एवढंच."

कसले ठिपके, नर्सबाईंनी विचारलं. वहिनींनी शांतपणे सांगितलं. एक कशाला, दोन कशाला, आणि किती वर्षं. आवाज चढवला नाही, काही वगळलंही नाही. मग खडू उचलला. म्हणाल्या, म्हातारा आहे, छत्री फाटकी आहे, कोपरा आपल्याच गल्लीचा आहे. चौकशी सगळी झाली, पण त्यानं केलं काय ते सांगितलंच नाही. म्हणून ती फ्रेज. खालचे शब्द तीनच, पण त्यात ती आहे आणि ती निघून गेली आहे. म्हणून तो क्लॉज. हे काही कापड नाही, हातावर मोजून द्यायला.

पाऊण तास त्या शिकवत राहिल्या. मेव्हणा केव्हा सटकला, कोणाला कळलंही नाही. जाताना पालकांनी प्रवेशाचे अर्ज भरले आणि बहुतेकांनी आपणहून त्यावर लिहिलं, वहिनींकडे.

संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघरात आले. आधी आरडाओरडा झाला. घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत, दादा असता तर काय म्हणाला असता, वगैरे. वहिनी पोळ्या लाटत राहिल्या. मग आवाज उतरला. सकाळची बॅच तुमचीच, ते म्हणाले. फक्त तेवढं फ्रेज-क्लॉजचं समजावून द्या. उद्या संध्याकाळची मोठी मुलं विचारल्याशिवाय राहायची नाहीत. इथंच बसू, पोळपाटाशी, कोणाला कळायचं नाही.

सहा वर्षांत एकदा विचारलं असतं, तर वहिनींनी तासाभरात समजावलं असतं, आणि तेही आनंदानं. पण या माणसानं ठिपके मागितले, ज्ञान कधी मागितलं नाही.

"शिकवीन की," वहिनी म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला या. वही आणा. पहिल्या बाकावर बसायचं."

"मुलांच्यात?"

"मी पोळपाटाशी शिकवण्या घेत नाही, भाऊजी."

ते आले. न येऊन करतात काय? गुडघे बाकात मावेनात, म्हणून तिरके बसले. मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. पडद्याच्या फटीतून जाऊबाईंचा एक डोळा दिसत होता.

वहिनींनी दोन मुलांना उठवलं, दोघांनी बरोबर सांगितलं. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बिफोर द बेल'. खाली लिहिलं, 'बिफोर ही स्पोक'. आणि खडू भाऊजींपुढे धरला.

भाऊजी फळ्यासमोर उभे राहिले. दोन्ही तुकडे आखूड. लांबीचा काही उपयोग नाही. एका चिमुरडीला उत्तर येत होतं, तिनं हात उंच केला. वहिनींनी तो हळूच खाली घेतला.

"त्यांना विचार करू दे," त्या म्हणाल्या.

घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. बॅच आठपर्यंत होती. वहिनींनी खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि निवांत बसल्या.