नव्याचं जुनं

चंदनसारच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाच्या पोटात कापड होतं, माळ्यावर कापड होतं, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनमध्ये कापड होतं आणि टीव्हीच्या रिकाम्या खोक्यातही कापडच होतं. शांताराम, म्हणजे आमचे हे, बूट घालायला एका गाठोड्यावर बसायचे आणि खुर्चीपेक्षा हेच बरं पडतं म्हणायचे. टोमणा होता, मला कळत होता. मी तिकडे लक्ष देत नसे.

मी गोधड्या शिवते. निदान लोकांना तसं सांगते. खरं बोलायचं तर दहा वर्षांत तीन शिवल्या, आणि त्यातली एक अर्धीअधिक भुईगावच्या हिल्डाने टाचली. हिल्डा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, दारात केळी आणि सोनचाफा, आणि घरात माझ्यापेक्षा जास्त कापड. आमची ओळख झाली वसई पूर्वेच्या एका गाळ्यात. शिलाईच्या कारखान्यांत उरलेलं कापड तिथे किलोवर मिळायचं. एकाच गठ्ठ्याला दोघींनी हात घातला, दोघींनीही सोडला नाही, शेवटी निम्मा-निम्मा वाटून घेतला आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. हिल्डा आणलेलं कापड तांदळाच्या पिंपात ठेवते. तिच्या नवऱ्याला, पास्कलला, अजून वाटतं की घरात दोन वर्षांचा तांदूळ आहे.

इतकं घेतेस तर शिवत का नाहीस, असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, वेळ कुठे मिळतो. वेळ ढीगभर होता. मला कापायची भीती वाटते, हे त्यातलं खरं. कापड अख्खं असतं तोवर त्याचं काहीही होऊ शकतं. एकदा कात्री लावली की ते एकच काहीतरी होतं, आणि ते बहुधा मनासारखं होत नाही. म्हणून मी घ्यायचे, धुवायचे, इस्त्री करायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे. माझ्या घड्या मात्र कोणीही बघाव्यात.

दोन हजार तीनच्या दिवाळीला आमची सुरुची डोंबिवलीहून आली. तिला पाचवा महिना होता. चिवडा खाता खाता म्हणाली, "आई, बाळाची दुपटी तू शिवायचीस. जुन्या कापडाची हं. आजीची ती निळी लुगडी होती ना, त्यांची कर."

"करते की," मी म्हटलं.

"लग्नात गोधडीपण करणार होतीस."

ती रागाने बोलली नाही. शेंगदाणे वेचून खात होती. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिच्या लग्नातल्या गोधडीसाठी मी पांढऱ्यावर बारीक जांभळी फुलं असलेलं सुती कापड घेतलं होतं. इतकं देखणं होतं की दीड वर्ष मी त्याला कात्री लावू शकले नाही. पोरगी दुकानातलं ब्लँकेट घेऊन सासरी गेली. कापड पलंगात तसंच राहिलं.

आणि आईची लुगडी? ती कुठली असायला! आई गेल्यावर चार वर्षं मी ती जपली. मग एकदा माळ्यावर नव्या गाठोड्याला जागा होईना. दारात बोहारीण आली होती. एका लुगड्यावर ती तयार होईना, म्हणून मी आत जाऊन दुसरंही आणून दिलं आणि स्टीलचं पातेलं घेतलं. रोज सकाळी मी त्यात दूध तापवते.

सुरुची गेल्यावर मी घर उपसलं. माझी जुनी पातळं, विरलेल्या चादरी, यांचे जुने सदरे, सगळं याच वाटेने गेलं होतं. नव्याला जागा करायला मी जुनं घालवत आले होते. कोवळ्या अंगाला नवं कापड सोलतं, आमच्याकडे तर बारशापर्यंत बाळाला नवं घालतच नाहीत. आणि माझ्या घरात, कापडाच्या वखारीत, वीतभर जुनं कापड नव्हतं.

"विहीणबाईंकडे असेल की," हे म्हणाले.

"असू दे. त्यांच्याकडे मी मागणार नाही."

"मग शेजारी विचार."

"आपल्या नातवंडाला शेजारच्यांच्या चिंध्यांत गुंडाळू? घरात एवढं असताना?"

"एवढं आहे ते नवं आहे, सरोज."

"मग मी त्याचं जुनं करीन," मी म्हटलं. म्हटलं आणि माझं मलाच पटलं. हातात चार महिने होते.

आधी मी सोपी वाट धरली. कापडाचे दोन वार सोडा घालून उकळले, धोपटण्याने बडवले, उन्हात टाकले, परत उकळले. आठवड्यात दहा वेळा. रंग उडाला, पोत गेला, आणि हाताला ते तसंच करकरीत लागलं. मी ते घेऊन भुईगावला हिल्डाकडे गेले. तिच्याकडे तरी जुनं असेल अशी आशा होती. तिनेही सगळं देऊन टाकलं होतं. तिची तर तीन पातेली झाली होती. आम्ही दोघी ओट्यावर टेकलो.

मग तिने माझं कापड गालाला लावलं आणि नाक मुरडलं. "तू याला नुसती मारते. खळ जाते पान्याने, पन मऊपना पान्याने येत नाय गो. तो अंगाने येते. घामाने येते, झोपून येते. कोनी घातल्याशिवाय कापड जुना कसा होनार?"

"घालायचं म्हणजे शिवायला हवं."

"हां. आनि शिवायचा म्हनजे कापायला हवा." ती हसली. तिला माझं दुखणं ठाऊक होतं, तिचंही तेच होतं.

घरी येऊन मी पलंग उघडला आणि ते जांभळ्या फुलांचंच बाहेर काढलं. दुसरं कुठलंही चाललं असतं. पण तिच्या लग्नात जे चुकलं ते त्याच कापडाने चुकलं होतं, आणि आता त्यालाच कामाला लावायचं असं मी ठरवलं. स्वयंपाकघरात फरशीवर पसरलं. कात्री हातात घेतली आणि वरण उतू जाईपर्यंत तशीच बसून राहिले. गॅस बंद केला, परत बसले आणि डोळे मिटून पहिला काप दिला. डोळे उघडले तर तो वाकडा गेला होता. वाकडा तर वाकडा, पुढचे मी सरळ दिले.

त्या कापडाचे माझे दोन गाऊन झाले, एक झगा हिल्डाला गेला आणि उरलेल्याची यांना लुंगी झाली. हे गेल्याच वर्षी गोदीतल्या हेडक्लार्कच्या नोकरीतून रिटायर झाले होते. आयुष्यभर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला माणूस. लुंगी त्यांनी उलटसुलट करून बघितली.

"फुलं आहेत यावर."

"आहेत. रात्री हीच घालून झोपायचं आणि दिवसा गॅलरीत हीच घालून पेपर वाचायचा. रोज धुणार, रोज घालायची."

"कधीपर्यंत?"

"ती मऊ होईपर्यंत."

त्यांनी घातली. सोसायटीच्या सेक्रेटरीने खालून विचारलं, साहेब, वहिनींची साडी नेसलात की काय. हे वरून शांतपणे म्हणाले, "नातवाचं दुपटं आहे. सध्या मी वापरतोय." पस्तीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी पेपर उलटला.

जानेवारीत हिल्डाचा फोन आला, गाळ्यात मलमल आलीय, दुधासारखी. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी परत फोन आला, की तीही गेली नाही, फक्त मला सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. झगा ती घरात, वाडीत, विहिरीवर सगळीकडे घालत होती, फक्त चर्चमध्ये मिसाला जाताना बदलायची. मी गाऊन घालून पोळ्या लाटल्या, फरशी पुसली, तापात पडले, तापातून उठले. फेब्रुवारीत एका सकाळी लुंगी पिळताना माझे हात थांबले. पिळा नेहमीसारखा ताठ राहिला नाही, हातावर लवून पडला.

सुरुची आठव्या महिन्यात बाळंतपणाला आली. तिच्या बॅगेत झबली नव्हती, दुपटी नव्हती, काहीच नव्हतं. म्हणाली, "सासूबाई देत होत्या त्यांच्या लुगड्यांची. मी नको म्हटलं. आई करतेय म्हटलं."

"होतायत," मी म्हटलं.

तिने बाबांच्या लुंगीकडे बघितलं, माझ्या गाऊनकडे बघितलं आणि चहा मागितला. लुगड्यांचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. देव पाण्यात घालून बसल्यासारखी मी दिवस मोजत होते.

आता दुपटी कापायची तेवढी राहिली होती. आणि माझा जुना रोग परत उठला. अजून चार धुणी होऊ देत, मी म्हणायचे. अजून थोडं मऊ होऊ दे. हिल्डा आपला झगा धुऊन, घडी घालून देऊन गेली. जाताना म्हणाली, "पोर थांबनार नाय तुझ्या कात्रीसाठी." मी रागावले. सोमवारी कापते म्हटलं.

शनिवारी दुपारी जेवता जेवता सुरुचीला कळा सुरू झाल्या. दहा दिवस आधीच. रिक्षा बोलावली. हे लुंगीतच धावत खाली निघाले होते, त्यांना मी दारात अडवलं.

"ती काढा."

"आत्ता?"

"पँट घाला आणि ती मला द्या."

दोरीवरचे गाऊन ओढले, हिल्डाचा झगा घेतला, लुंगी घेतली, सुईदोऱ्याचा डबा घेतला. कात्री शोधत बसायला वेळ नव्हता.

प्रसूतिगृहात सुरुचीला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. ढसाढसा रडावंसं वाटत होतं. पोरीला दुसऱ्यांदा शब्द दिला होता आणि दुसऱ्यांदा हातात काही नव्हतं. मी लुंगीची कड दातांत धरली, एवढीशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. ती सरळ रेषेत फाटत गेली. सुती कापड असंच फाटतं, त्याला कात्री लागत नाही. सगळ्या बोळकांडीत आवाज झाला. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, इथे काय चाललंय?"

"दुपटं," मी म्हटलं आणि गाऊन फाडायला घेतला.

नर्स कपाळाला हात लावून आत गेली. मी लुंगीवर गाऊनचा चौकोन ठेवला, मध्ये झग्याचा तुकडा घातला आणि धावदोरा घालायला सुरुवात केली. आतून सुरुची ओरडली की टाका लांब पडायचा, ती गप्प झाली की जवळ. हे शेजारी बसून सुया ओवून देत होते. चष्मा घरी राहिला होता, एकेका सुईला पाच मिनिटं लागत होती, पण त्यांनी एकही सुई परत केली नाही. दहा वर्षांत मी इतकं सलग शिवलं नव्हतं. पाठ मोडली, बोटाला सुई लागली, तरी थांबले नाही. चौथी बाजू दुमडून गाठ मारली तेव्हा सहा वाजले होते.

सव्वासहाला नर्स आली. "मुलगी झाली. जुनं कापड आणलंय का?"

मी दुपटं दिलं. तिने ते बोटांत चोळलं. "छान मऊ आहे. किती वर्षांचं?"

"चार महिन्यांचं."

तिला काही कळलं नाही, आणि समजून घ्यायला ती थांबलीही नाही.

तासाभराने आम्हाला आत सोडलं. सुरुचीच्या कुशीत ते बोचकं होतं, वर जांभळी फुलं. हे दोन मिनिटं बघून पेढे आणायला गेले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पलंगाशी बसले आणि सांगितलं, "आजीची लुगडी नाहीत ही. ती मी बोहारणीला दिली होती. पातेल्यावर."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"मी दारातच होते, आई. दहावीला होते. ती एका लुगड्यावर देईना, मग तू आत जाऊन दुसरं आणलंस."

"मग मागितलीस कशाला?"

सुरुचीने दुपट्याची कड बोटाने सरळ केली. माझा एक लांब टाका होता तिथे. "नुसतं दुपटं शिव म्हटलं असतं, ती टोचणी नसती, तर कापलं असतंस तू?"

"नसतं कापलं," मी म्हटलं. खोटं बोलायची इच्छा नव्हती. ती म्हणाली, "हे माझ्या लग्नातलं ना?" मी मान हलवली आणि मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

तेवढ्यात बाळाने दुपटं ओलं केलं. मी ते काढून नुसतंच फाडलेलं दुसरं फडकं गुंडाळलं आणि ओलं घेऊन मोरीत गेले. नळाखाली धरल्याबरोबर ते आईच्या लुगड्यासारखं हाताला चिकटलं. मी ते पिळून खिडकीच्या गजाला वाळत घातलं आणि उरलेले तुकडे मोजले. बारशापर्यंत अजून चार दुपटी निघाली असती. ती झाली की पलंग उघडायचा होता. सुरुचीची गोधडी तीन वर्षं राहिली होती, आणि आता मला हाताने फाडता येत होतं.