बुधवारचा चौथा तास

लायब्ररीच्या बाईंना काहीच काम नसतं, यावर त्या प्राथमिक शाळेत सगळ्यांचं एकमत होतं. एवढं एकमत दुसऱ्या कशावरच नव्हतं.

बारा तुकड्या, प्रत्येकीचे आठवड्याला दोन तास. शिवाय कोणी रजेवर गेलं की त्यांचा वर्गही बाईंकडे, कारण बाई मोकळ्याच. आलेली पुस्तकं जागेवर लावणं, फाटलेली चिकटवणं, ही कामं वेळापत्रकात नव्हती, म्हणजे ती नव्हतीच. बाई ती डबा खाताना उरकत. एका हातात घास, दुसऱ्या हातात डिंकाचा ब्रश. एकदा हातांची अदलाबदल झाली, पण त्यांनी त्याचा बोभाटा केला नाही.

घरी सासूबाई म्हणायच्या, "तुझं आपलं बरं आहे. सावलीत बसायचं नि गोष्टी सांगायच्या."

सहामाहीनंतर नवं वेळापत्रक लागलं. बुधवारच्या चौथ्या तासाला लायब्ररीत दुसरी अ होती आणि तिसरी 'ब'सुद्धा. वेळापत्रक गणिताचे सर करत. बाई त्यांच्याकडे गेल्या.

"सर, दोन वर्ग एकाच वेळी आलेत."

"अहो, लहान लहान तर मुलं आहेत."

"बहात्तर होतात."

"हो, पण लहान."

गणिताच्या माणसाशी हिशेबावरून कोण वाद घालणार? बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "जरा जमवून घ्या ना," त्या गोड हसल्या. "तुम्ही किती समजूतदार आहात!" त्या शाळेत समजूतदार ही पदवी जादा काम देण्याआधी बहाल करत.

बुधवार आला. बाईंनी लायब्ररीचं दार उघडलं, तर आत दातांचे डॉक्टर आणि त्यांच्यासमोर आ वासलेली एक मुलगी.

"ही खोली रिकामीच असते म्हणाले," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

मागे व्हरांड्यात बहात्तर मुलं उभी होती. त्यांच्या वर्गशिक्षिका "लायब्ररीचा तास" म्हणून केव्हाच वह्या तपासायला पसार झाल्या होत्या. बाईंनी शिपायांना विचारलं, "मामा, कुठली खोली रिकामी आहे?"

"मोठ्या बाईंची. पाहुण्यांना इमारत दाखवायला गेल्यात."

मामांनी ते सहज सांगितलं होतं. बाईंनी ते सहज घेतलं नाही. सकाळपासून तीन वर्ग झाले होते, पाय भरून आले होते, घोटभर पाणी प्यायला सवड मिळाली नव्हती. त्यांनी पुस्तकांचे दोन खोके मामांना उचलायला लावले आणि म्हणाल्या, "चला रे, रांगेत."

मुलं सोफ्यावर, गालिच्यावर, टेबलाखाली जिथे मावली तिथे बसली. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून बाई मोठ्या खुर्चीत बसल्या. पुस्तकांची देवघेव झाली. मग त्यांनी एका हट्टी गाढवाची गोष्ट वाचायला घेतली. खोली चिडीचूप झाली.

गाढव नदीत उतरलं तेवढ्यात मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन दारात.

संस्थेच्या अध्यक्षा खूश झाल्या. "वा! मुलांसाठी स्वतःचं ऑफिस दिलंत?"

"हो ना," मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या. "आमचा उपक्रमच आहे हा."

"नाही काही," टेबलाखालून एक मुलगी म्हणाली. "लायब्ररीत दात काढतायत!"

अध्यक्षांनी वेळापत्रक मागितलं. बाईंनी पुढे केलं. ते वाचून अध्यक्षांनी चष्मा काढला. "दोन वर्ग एका वेळी? आणि पुस्तकं लावता कधी?"

"डबा खाताना," बाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच लागला. त्यांनाच दचकायला झालं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी दुरुस्त वेळापत्रक आलं. दोन्ही वर्ग वेगळे झाले होते आणि रोज एक तास 'पुस्तकांची व्यवस्था' म्हणून लिहिला होता. "लायब्ररीत आता झोपेचा तास सुरू झाला," असं गणिताच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. मंगळवारी मात्र ते स्वतःच दारात आले.

"बाई, तुम्ही आता मोकळ्या ना? मला चौथी क आलीय बदलीची. घेता का जरा?"

"मोकळी नाही, सर. पुस्तकं लावायचीत."

"ती काय, उद्या लावा."

"उद्या उद्याची लावीन."

बाईंनी दार लोटून घेतलं. नोकरीच्या अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणाल्या होत्या. तासाभरात तीन कपाटं लावून झाली.

चौथी क सरांनीच घेतली. पार घामाघूम झाले होते, असं मामा सांगत होते. बाईंना वाईट वाटलं. फार नाही.