छपरातली खिडकी

मी एक जुनी, देवदाराच्या लाकडाची खिडकी आहे. मित्रांनो, माझी जागा भिंतीत नाही, थेट छपराच्या माथ्यावर. आधी मी जपानातल्या गुन्माच्या डोंगरातल्या एका रेशीमघरावर होते. खाली किडे तुतीची पानं कुरतडायचे, त्यांची ऊब वर यायची आणि मी ती बाहेर सोडायचे. एवढंच काम.

रेशीम थांबलं, घर पाडलं. तेव्हा विद्यापीठात वास्तुकला शिकवणाऱ्या हिरागीबाई मला घेऊन आल्या. तिथल्या नाट्य आणि संगीत विभागाची नवी इमारत त्या उभारत होत्या. जुनं लाकूड, मातीच्या भिंती, आणि गारव्यासाठी यंत्र नाही. गार हवा खालच्या झडपांतून येणार, गरम हवा माझ्यातून जाणार. उद्घाटनाला सगळ्यांनी माना वर करून मला पाहिलं. मी भाव खाल्ला, खोटं का बोलू?

मग विद्यार्थिनींचं ढोलपथक तिथे सरावाला आलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी दोरी ओढून मला बंद केलं. खालच्या झडपाही लावल्या. उन्हाळ्यात आत भट्टी पेटली.

"सुमिरेताई, आपण वाजवतोय की वाफेवर शिजतोय?" धाकट्या नात्सुहोने विचारलं.

"शीज गुपचूप. पलीकडे ओतोवाआजी राहतात," पथकाची प्रमुख सुमिरे म्हणाली.

एके दिवशी नात्सुहो चक्कर येऊन पडली. मग ठरलं, यंत्रं बसवायची आणि मला फळ्या ठोकून बुजवायचं. फळ्या आल्यासुद्धा. हिरागीबाई खाली उभ्या राहून माझ्याकडे पाहत राहिल्या.

बांधकामाचा आवाज होणार, म्हणून रिवाजाप्रमाणे सुमिरे मिठाईचा खोका घेऊन आजींकडे आधीच माफी मागायला गेली. माझ्या फटीतून त्यांचं दार दिसतं.

"आजी, आमच्या ढोलांचाही त्रास होत असेल ना?"

"कुठले ढोल? मला काही ऐकू येत नाही."

"आम्ही सगळं लावून वाजवतो. तुमच्यासाठी."

"अगं बाई. आणि मी माझ्या खिडक्या लावून बसते. कुणी ऐकतंय कळलं तर तुम्ही बुजाल म्हणून." आजींनी हातपंखा सुमिरेकडे वळवला. "दोन्हीकडे घामाच्या धारा. फार शहाणे आपण."

सुमिरे धावत आली, तिने दोरी खेचली. मी कुरकुरले, पण उघडले. गरम हवा माझ्यातून निघून गेली, रेशीमघरात जायची तशीच.

फळ्या अजून कोपऱ्यात उभ्या आहेत. पुढचा उन्हाळा पाहून ठरवू, म्हणतात. तोवर, मित्रांनो, माझी दोरी कुजू देऊ नका. आणि कुणासाठी मला लावून घ्यायचं असेल, तर आधी त्या माणसाला जाऊन विचारा.

कालच पलीकडून आजींचा आवाज आला, "नात्सुहो, ठेक्यात घाई करतेस गं."