रुपाच्या मशीनचा वारा

माह्या पोरीले कोनी "तुह्यानं नाई होत" म्हनलं की माह्यं डोकं फिरते. सरळ सांगते. मी रुख्मिणी. आदिलाबादजवळ बेल्याले आमचं गाद्या-रजया भरायचं दुकान हाय. खाली मशीनवर रुई पिंजतो, वर राह्यतो. अन् वरच्या खोलीत माही रुपा कॉम्प्युटरवर गेम खेळते. खेळते म्हंजे टाइमपास नाई बरं. पाच जनाची टीम हाय, चार पोट्टे अन् माही रुपा. सारे आपापल्या घरून खेळतात, कानाले हेडफोन लावून एकमेकाले सांगतात.

तिचं ते कॉम्प्युटरचं मशीन बासरच्या कॉलेजात शिकत होती तवाचं. कॉलेज सोडून जानाऱ्या एका पोरीकडून घेतलं, मंग एकेक पुर्जा बदलत तिनंच उभं केलं. गुढीपाडव्यापासून मात्र ते तापून बंद पडू लागलं. प्रोसेसर म्हंजे त्याचं डोकं. ते लई तापलं की जळू नये म्हनून मशीन आपलं आपनच बंद होते, असं रुपानं मले समजावलं. दोनदा ऐन मॅचमंधी बंद पडलं, अन् दोन्ही वक्ताले टीम हारली.

मंचेरियलचा राजकुमार टीमचा कप्तान. त्यानं सांगून टाकलं, "रविवार को दो बजे बडा मॅच है. उसके पहले एक बार भी बंद हुआ, तो रुपा बाहर." तिच्या जागेवर घ्याले दुसरा पोरगा बी तयार ठेवला होता. पोरगी दोन दिवस धड जेवली नाई. विचारलं तर म्हने, "भूक नाई." भूक कशी नसंन? मले काय दिसत नाई?

आदिलाबादहून विनय आला, कॉम्प्युटर दुरुस्त करनारा. बाजूचं झाकन काढलं, वरून पाह्यलं न पाह्यलं, अन् म्हनला, "मावशी, प्रोसेसर कमजोर झाला. अन् आपल्या इकडं पंचेचाळीसचं ऊन. हे मशीन एसीत ठेवाचे असतात. रुपाले म्हना, मोबाइलवर खेळ. पोरीच्या जातीले तेवढं बस झालं."

"ऊन पोट्ट्याच्या घरी पडत नाई का?" मी म्हनलं. "का मंचेरियलले बर्फ पडते?"

"तसं नाई मावशी..."

"मंग कसं? चहा घे अन् नीघ. माही पोरगी पाहून घेईन."

गेला तोंड पाडून. पन रुपा खुर्चीत मान खाली घालून बसलेली. "आई, तो खरं बोलत असंन तर? मलेच काई समजत नसंन तर?" जी पोरगी शाळेत मास्तरची चूक काढे, ती म्हनते मले समजत नाई!

रविवारी सकाळपासूनच उन्हानं कहर केला. म्या खालचं पिंजायचं मशीन बंद ठेवलं, रुई उडू नये म्हनून. खिडकीतला कूलर चालू केला, पन त्याचं तोंड भिंतीकडं वळवलं. कूलरच्या हवेत पान्याचे थेंब असतात, ते कॉम्प्युटरमंधी गेले तर खेळ खलास. खोली बऱ्यापैकी गार झाली. रुपानं प्रोसेसरवरचा पंखा काढला, खालचा, गरमी ओढून घेनारा जुना वाळलेला लेप पुसला, चण्याएवढा नवा लावला, पंखा परत बसवला. तरी गेम चालू केला की पडद्यावरचा गरमीचा आकडा चढतच जाये. नव्वद, त्र्यान्नव, सत्त्यान्नव. शंभरले मशीन बंद पडते, म्हनून रुपानं गेमच थांबवला.

"संपलं," रुपा म्हनली. घड्याळात बारा वाजून गेले होते.

"काऊन संपलं? हे हवा कुठून घेते?"

"समोरच्या जाळीतून. आत दोन पंखे हायेत, ते हवा ओढतात."

आता पिंजायच्या मशीनचं मले कोनी शिकवाले नको. त्याची ओढ बरोबर हाय का नाई, हे आमी रुईच्या फायानं पाह्यतो. बोटाएवढा फाया तोंडाशी धराचा. ओढ असंन तर चिकटते, नसंन तर पडते. मी खालून फाया आनला अन् कॉम्प्युटरच्या समोरच्या जाळीशी धरला. आत पंखे भनभन फिरून राह्यले होते. अन् फाया सरळ खाली पडला.

पुन्हा धरला. पुन्हा पडला.

तवा मले आठवलं.

दिवाळीच्या साफसफाईत रुपा घरी नव्हती. खालून रुई उडते, वर येते, साऱ्या घरात बसते. आमच्या घरी टीव्हीले खोळ हाय, मिक्सरले हाय, फ्रिजच्या हँडलले बी हाय, सारं म्या शिवलेलं. म्हनलं, पोरीच्या मशीनले काऊन नको? ती समोरची जाळी हळूच काढली, आतून मलमलचा तुकडा ताणून बसवला, कडेनं बारीक टाके घातले, अन् परत लावून टाकली. बाहेरून कोनाले कळलंच नसतं. रुपा दर महिन्याले बाजूचं झाकन उघडून ब्लोअर मारे, पन ती जाळी काढत नसे. जुनी हाय, खटके तुटतीन म्हनून भ्ये. अन् विनयनं तर तिकडं पाह्यलंच नाई.

जाळी काढली. मलमल कुठं दिसत नव्हती. सहा महिन्याची रुई त्यावर अशी बसली होती की उशीचा तुकडाच वाटला.

"हे कोनं केलं?" रुपा म्हनली. मंग तिनं टाके पाह्यले. माहे टाके ती झोपेत बी वळखते. "आई. तू?"

"हो. म्या केलं."

"मी एवढे दिवस सर्वायची बोलनी खाऊन राह्यली! मले वाटलं मी येडी हाय! अन् तू... मले विचारता येत नव्हतं का तुले?"

लई रडली, लई भांडली. म्या कात्रीनं टाके उसवले, रुई काढली, जाळी ओल्या फडक्यानं पुसून वाळवली. मंग फाया धरला. चट्टकन चिकटला. रुपानं डोळे पुसले अन् खुर्ची पुढं ओढली. गेम चालू केला, आकडा एकोनऐंशीवर जाऊन थांबला.

पावनेदोनले राजकुमारचा फोन आला. स्पीकरवर होता. "रुपा, आज तू रहने दे. रिस्क नहीं लेना."

मले राहवलं नाई, म्या फोन हाती घेतला. "बेटा, गलती मेरी थी. मशीन की नहीं, इसकी भी नहीं. मैंने कपडा लगाया था. सजा इसको काय को?"

"आंटी, मगर..."

रुपानं माह्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज असा म्या कधी ऐकला नव्हता. "राजकुमार, तूनेच बोला था, मॅच के पहले बंद हुआ तो बाहर. बंद नहीं हुआ. मेरा नाम लिस्ट में है. मैं खेल रही हूँ. तुझे नहीं खेलना तो तू बैठ."

अन् फोन ठेवला.

मॅच दीड तास चालली. मले त्यातलं काई कळत नाई, मी तो आकडाच पाहून राह्यली. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एकदा अठ्ठ्याऐंशी. त्याच्यावर गेला नाई. शेवटी गेममंधी टीमचे बाकीचे चारी मेले अन् रुपा एकटी उरली. समोर दोघं. तिनं दोघायले बी पाडलं. हेडफोनमधून पोट्ट्यायचा कल्ला मले बाहेर ऐकू आला.

राजकुमार म्हनला, "मस्त खेली! अगले संडे भी तू ही खेल."

"तू कौन देनेवाला?" रुपा म्हनली. "मेरी जगह है." अन् हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मंग माह्याकडं वळली. घामानं केस कपाळाले चिकटलेले. "आई, माहा राग गेला नाई अजून."

माह्या नवऱ्याले, सासूले, गिऱ्हाइकाले, कोनालेच म्या आजवर माघार घेऊन दाखवली नाई. साऱ्या बेल्याले माहीत हाय.

"राहू दे तो राग," मी म्हनलं. "चुकलं माहं. यापुढं तुले विचारल्याशिवाय तुह्या मशीनले हात लावनार नाई."