चेनीची घट्ट जागा

मिस्त्रीने क्लचचा दांडा दाबून खिट्टीत अडकवला आणि इंजिन जोडलेल्या सायकलचं स्टँडवर अधांतरी असलेलं मागचं चाक डाव्या हाताने सावकाश पुढे ढकललं. उजव्या हाताचं बोट इंजिनाच्या चेनीवर. चेन सैल, सैल, सैल, आणि एकाएकी तारेसारखी ताठ. मग पुन्हा सैल. ताठ झाली तिथे त्याने टायरवर खडूची रेघ ओढली. रेघ नेमकी व्हॉल्व्हशेजारी आली.

"सापडलं का दुखणं?" स्टुलावर बसलेल्या पोस्टमनच्या बायकोने विचारलं.

"ते कुठे लपतंय, वहिनी? आऱ्यांवर बसवलेली ही दातेरी चकती मध्यावर नाही. म्हणून चेन एकीकडे आवळते, दुसरीकडे लोंबते. बोल्ट ढिले करायचे, चकती ठोकून मध्यावर आणायची, समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने आवळायचे. चहा निवायच्या आत होईल."

"मग होऊ द्या. सोमवारपासून ह्यांची टपालाची पिशवी माझ्या खांद्यावर यायचीय. त्या उतारावरून मला रोज जायचंय."

उताराचं नाव निघालं आणि मिस्त्रीच्या हातून पाना निसटला.

तीन महिन्यांपूर्वी त्याच उतारावर याच सायकलची चेन तुटून आऱ्यांत गुंतली होती. चाक जागच्या जागी थिजलं आणि पोस्टमन जो उडाला तो पुन्हा उठला नाही. लोकांनी ब्रेकला दोष दिला, रस्त्याला दिला. काहींनी तर उतारालाच दिला, जणू तो बिचारा रातोरात उगवला होता. मिस्त्रीने सगळ्यांपुढे मान डोलावली. अपघाताच्या दिवशी सकाळी चेन त्यानेच ताणून दिली होती. हाताशी आली ती जागा चाचपली, सैल वाटली, ताणली आणि "जा रे" म्हणाला. चाक पुरतं फिरवलं असतं तर कळलं असतं, की दुसऱ्या अंगाला ती तुटायच्या बेताला आली आहे. पण फिरवलं नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं आणि रात्री त्याला झोपू न देणाऱ्या छताला.

त्याने चकती मध्यावर आणली, बोल्ट आवळले, चाक फिरवलं. चेन पुन्हा व्हॉल्व्हपाशीच ताठ झाली.

"हट्टी दिसतेय," तो हसून म्हणाला. हसण्यात काही दम नव्हता.

दुसऱ्या वेळेला त्याने चौकटीला तारेचा तुकडा बांधून त्याचं टोक चकतीच्या दात्यांना भिडवलं. चाक फिरवलं, तर चकती केसभरही हलत नव्हती. तरी चेन तिथेच ताठ. त्याने फळीवरची कोरी चेन काढून घातली. तीही तिथेच आवळली. चाळीस वर्षांत लोखंडाने त्याला दमवलं होतं, रडवलंही होतं, पण खोटं कधी सांगितलं नव्हतं.

मग त्याची नजर वर गेली. रिकाम्या सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा दबलेल्या होत्या. पोस्टमन अंगापिंडाने भरलेला गडी. तो बसला की जेवढ्या दबायच्या, तेवढ्याच. बाहेर लख्ख दुपार होती, समोरची शिंपीण मशीन चालवत होती, आणि मिस्त्रीच्या पाठीवरून गार थेंब ओघळला.

"भाऊजी, पाणी देऊ का?"

"नको." तो तसाच जमिनीवर टेकला. हाताचं वंगण त्याने फडक्याला पुसलं, एकेक बोट करून. "वहिनी, ब्रेकचा काही दोष नव्हता. त्या सकाळी चेन मी ताणली. चाक पुरतं फिरवून बघितलंच नाही. माझ्या हातून गेला तो."

"माहीत आहे," पोस्टमनची बायको म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच."

मिस्त्रीने मनात हिशोब मांडला. पोस्टमन इथून सायकल घेऊन थेट पोस्टात गेला, तिथून उतारावर. घरी काही तो पोचलाच नव्हता.

"रोज तेच. म्हणे, मिस्त्रीच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हलायचा नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, भाऊजी. मेल्यावर तरी कुठे जाते?"

ती उठून सायकलपाशी आली आणि सकाळी अंथरुणात लोळणाऱ्या नवऱ्याशी बोलावं त्या आवाजात सीटकडे बघून म्हणाली, "ऐकलंत ना? झालं समाधान? उतरा आता. मला कामावर जायचंय."

आधी एक स्प्रिंग कुरकुरत वर आली, मग दुसरी.

मिस्त्रीने चाक फिरवलं. चेन सगळीकडे सारखी, अर्ध्या बोटाएवढी सैल. त्याने पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं.

"पुरे," ती म्हणाली. "आता ठीक आहे."

तिने सायकल रस्त्यावर घेतली, चार पायडल मारले, क्लच सोडला. इंजिन सुरू झालं. थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि मान वळवून, डबा राहिला असं सांगावं तितक्या सहज म्हणाली:

"भाऊजी, ते माझ्याबरोबर येत नाहीत. इथेच बसतो म्हणाले, तुमचं काम बघत."

सायकल वळणाआड गेली तरी तिचा आवाज एका सुरात ऐकू येत राहिला. मिस्त्री उंबऱ्याबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होता. आत तीन सायकली खोळंबल्या होत्या. पण दुकानाकडे पाठ ठेवून दुकानात शिरायची युक्ती त्याला, एवढा कारागीर असून, काही केल्या सुचेना.